तिसरा इसम

तालुक्याच्या वाचनालयात, मागच्या खोलीत
गठ्ठे आहेत, सुतळीनं बांधलेले.
ग्रंथपाल येवतकर म्हणाले, "सरकी आहे समजा.
ज्याले तेल काढता येते त्यानं काढावं."
आणि पंखा माझ्याकडे वळवून ते जेवायला गेले.

साप्ताहिकाचं नाव वाळवीनं खाल्लेलं,
मथळ्यात उरलंय फक्त '...मित्र'.
दर अंकात कापसाचे भाव, गुप्तरोगावरचं चूर्ण,
हरवलेला बैल: डावे शिंग मोडके, आणणारास योग्य बक्षीस.
तीन दिवस मी लोकांच्याच घरच्या बातम्या वाचल्या.
चौथ्या दिवशी, पान तीन, खालचा कोपरा:

"येथील जिनात बॉयलर फुटून तीन इसम दगावले.
दोघांची प्रेते मिळाली.
तिसरा, उकंडा वल्द पुंजाजी,
याचा फक्त एक जोडा सापडला.
शेटजींनी उदार अंतःकरणाने
मयताच्या विधवेस रोख पन्नास रुपये दिले.
बाईने अंगठा केला.
यंदा सरकीस उठाव नाही."

उकंडा. माझा पणजा.
आधीची तीन लेकरं जगली नाहीत म्हणून
ह्याला जन्मताच उकिरड्यावर ठेवलं होतं,
मरणाला वाटावं, केर आहे, राहू दे.
घरात त्याचा फोटो नाही.
पन्नास रुपयांत खोदलेली एक विहीर आहे,
तिला आम्ही अजून 'जिनाची' म्हणतो
आणि का म्हणतो ते मीही कधी विचारलं नव्हतं.

दुसरं पुस्तक येवतकरांनीच शोधून दिलं.
एका कंपाउंडरच्या आठवणी, स्वखर्चानं छापलेल्या,
किंमत दीड रुपया, पानं न कापलेली,
म्हणजे इतक्या वर्षांत कुणीच उघडलं नव्हतं.
पोस्टकार्डाच्या कडेनं मी कापत गेलो:
पटकीची साथ, साहेबाची घोडी, स्वतःचं दुसरं लग्न,
आणि पान चौऱ्याऐंशी, मूर्तिजापूर.

"रात्री एक भाजलेला मनुष्य आला. एका पायात जोडा.
नाव विचारले तर हसला.
मी म्हणालो, घरी कळवू काय?
तो म्हणाला, जिनात मेल्याचे पन्नास भेटतात साहेब,
जित्याले काय भेटते?
मलम लावले. पहाटे खाट रिकामी होती.
चादर घडी करून ठेवली होती."

एवढंच. पुढच्या ओळीत कंपाउंडरची बदली.

तो दुसरा कुणीही असेल.
जिनं त्या काळी गावोगाव होती,
भाजलेलेही गावोगाव असतील,
आणि एका जोड्यानं चालणारी माणसं तर
मी आजही बसस्टँडवर पाहतो.
तरी मी ते पान दोनदा उतरवून घेतलं,
दुसऱ्यांदा उगाच, सुवाच्य अक्षरात.

बाबा गोठ्यात ढेप भिजवत होते.
ऐकताना त्यांचा हात टोपल्यात थांबला.
"दिवाळी झाली का आमची बुढी," ते म्हणाले,
"एकटी छोट्या गाडीनं मूर्तिजापूरले जाये.
संध्याकाळी वापस.
कायले जातं वं, म्हटलं तर म्हणे, पाय मोकळे कराले.
लुगडं नाही आणलं, खाऊ नाही आणला, कधीच.
एकदा फक्त पदराले बांधून
संत्रं आणलं होतं.
सोललेलं.
अर्धं."

गाय ओरडली तेव्हा आम्ही दोघंही दचकलो.
मी खिशातून वही काढली.

"लिहू नको कुठी," बाबा म्हणाले.
"शेटजीचे नातू आहेत अजून.
पन्नास वापस मांगतीन."
आणि हात धोतराला पुसत
जिनाच्या विहिरीवरची मोटर सुरू करायला गेले.